पहिला घोट

शोळिंगनल्लूरला माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त बँकवाले राहतात. तंजावूरकडचे मराठी, बोलण्याला तमिळची चाल. घरी कोणीही आलं की ते इकडचा गुलाबपाण्याचा सोडा पुढे करतात आणि लगेच खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहतात. पाहुण्याचा पहिला घोट ते कधी बघत नाहीत.

मी एकदा कारण विचारलं. त्यांची मुलं परदेशात. दर खेपेला ते सामानात या बाटल्या न्यायचे.

"जर्मनीत सुनेच्या आईला खोकल्याचं औषध वाटलं. अमेरिकेत नातीची मैत्रीण मागाहून तिला म्हणाली, साबण. जपानात शेजाऱ्यांनी वाकून आभार मानले आणि बाटली उघडलीच नाही. सरी, असू दे, ज्याची त्याची जीभ. पण मी समोर बसलेला, म्हणून पिणारे सगळे तोंडावर कसंबसं हसून छान म्हणायचे. त्यांना तो त्रास कशाला?"

मला माझा इथला पहिला आठवडा आठवला. त्यांच्या पाठीमागे मीही तोंड वेडंवाकडं केलं होतं, आणि परक्या गावात तेवढीच मोकळीक मिळाली होती.

यंदा मालवणहून आईने केलेलं कोकम सरबत आणलं. मीठ-जिरं घालून त्यांना ग्लास दिला आणि नकळत मीच खिडकीकडे वळलो.

"इकडे बघा," ते म्हणाले.

आंबटाने एक डोळा मिटलेला, सगळा चेहरा आक्रसलेला, आणि तो त्यांनी जराही लपवला नव्हता. रिकामा ग्लास पुढे करत म्हणाले, "अजून थोडं घाला."