जिजीच्या वाट्याचा गोठा

जिजी स्वतःच्या तापाची थट्टा करायची. दिवेलागणीला तिला हुडहुडी भरे, रात्रभर अंग पोळत राही आणि पहाटे एवढा घाम सुटे की लुगडं पिळून काढावं. सकाळी तेच लुगडं वाळत घालताना ती म्हणे, "गया मन्हा पाहुना. त्याले पाय धोवाले पानी देनं पडत नही, तोच माले भिजाडी जास." काही दिवस हा पाहुणा रोज यायचा, मग महिनाभर गुल. त्यामुळे घरातल्यांना ते सोंग वाटे. कामाच्या दिवसांतच ताप बरा येतो, असं तिचा नवरा, म्हणजे माझे थोरले दीर, सर्वांदेखत म्हणत.

जिजी माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन कोरीटला आले तेव्हा तिची एकुलती एक मुलगी तान्हेपणीच जाऊन बरीच वर्षं झाली होती. मला लगेच मूल झालं आणि आम्हा दोघींच्या वाटण्या ठरल्या. चूल माझी, गोठा तिचा. लेकुरवाळीने गाईच्या वारेला, म्हणजे व्याल्यावर पडणाऱ्या जाराला, हात लावू नये, तिच्या पोरांना बाधतं, असा सासूबाईंचा दंडक होता. मी मदतीला उठले की त्या म्हणत, "तुन्हा मांडीवर पोर शे, तू नको जाऊ. तिले करू दे. तिन्हं काय जास?" हे जिजीच्या समोर म्हणत, हलक्या आवाजातही नाही.

त्यामुळे गाय अडली की जिजी. वासराचे पाय धरून ओढायला जिजी, अडकलेली वार कोपरापर्यंत हात घालून काढायलाही जिजी. हातांवर काट्याकुट्यांचे ओरखडे तर असायचेच. नंदुरबारच्या बाजारातून आणलेली कपिला आमच्याकडे येऊन थोड्याच दिवसांत गाभडली, ते अर्धवट वाढलेलं वासरू तिनेच उचलून पुरलं. त्यानंतर महिना गेला नसेल, तिचा हा ताप सुरू झाला.

हिवताप समजून टपाल कचेरीतून कोयनेलच्या पुड्या आल्या. त्यांनी तिचे कान घुमू लागले, ताप हटला नाही. गुडघे सुजले, कंबर धरली. सासूबाईंना कधी दया यायची, नाही असं नाही. मग त्या कपिलेचं धारोष्ण दूध, न तापवता, तांब्याभर तिच्यापुढे धरत. जिजी ते निमूट प्यायची आणि मला म्हणायची, "दूध मी पेस, आन जोर पाहुनाले येस." मी हसायचे. आता ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

अशातच इतक्या वर्षांनी तिला दिवस गेले. जिजी जन्मात पहिल्यांदा काही मागायला सासूबाईंपुढे उभी राहिली. "आते माले गोठामा नको धाडू, माय." सासूबाई म्हणाल्या, "पह्यले पोर मांडीवर येऊ दे, मंग लेकुरवाळी व्हशी." एवढंच. ती पुन्हा शेणात बसली. पाचव्या महिन्यात तिचा गर्भ पडला, आणि तिचं अंग सावरायच्या आत गोठ्यात आणखी एक गाय गाभडली.

"इन्ही सावली पडनी आनि गाय गाभडनी," सासूबाईंनी निकाल दिला. पहिली गाभडली ती कपिला, जिजी नंतर. मी हे बोलून दाखवलं, तर दिरांनी मला आत जायला सांगितलं. पुढे माझ्या म्हातारपणी एका गुरांच्या डॉक्टरांनी मला समजावलं, की गाभडलेल्या गाईच्या वारेतून, गर्भाच्या पाण्यातून, कच्च्या दुधातून असा येऊन-जाऊन राहणारा ताप माणसाला लागतो, कधी बाईचा गर्भही त्यात जातो. ऐकून मला समाधान वाटलं नाही. संताप आला, आणि तो कुणावर काढावा तर सगळे गेलेले.

दिरांचं दुसरं लग्न ठरलं. जिजीला न्यायला तापीपल्याडहून, लोणखेड्याहून, तिचा भाऊ गाडी घेऊन आला. ती बोचकं घेऊन गाडीत बसलीही होती. त्या सकाळी एक गाय व्यायली होती आणि तिची वार पडत नव्हती. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "जाता जाता तेवढी वार काढी दे वं." भावाचा चेहरा उतरला. मी पदर खोचून पुढे झाले, तर जिजी कंबर धरत खाली उतरली आणि मला म्हणाली, "तू सरक माघे. तुन्हं पोर लहान शे." तिने वार काढली, राखेने हात धुतले आणि पुन्हा गाडीत जाऊन बसली. राहा असं तिला कुणी म्हटलं नाही. सासूबाई गाईला गूळ चारत होत्या.

माहेरी ती वर्षभर तापत राहिली आणि गेली. आमच्याकडे त्याआधीच नवी जाऊ आली होती. कोवळी पोर, हातावरची मेंदीही उतरली नव्हती. तिला अजून मूल नव्हतं, म्हणून सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात तिला गोठ्यात धाडलं.