परतनाना

परतनानांच्या तोंडून 'वा' मी दोन वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं. वरणगावच्या कारखान्यात त्यांची हयात माल तपासण्यात गेली. माल एक तर 'पास' नाही तर 'परत'. निवृत्तीनंतर ते देवपुरात आमच्या शेजारी राहायला आले आणि आम्हा चौघींच्या फाशांच्या खेळाचे सूत्रधार झाले. या खेळात प्रत्येकीने एक पात्र व्हायचं, गोष्ट रचत जायची आणि वार लागला की नाही ते फाशांनी ठरवायचं. राक्षस सगळे नानांचे.

माझं पात्र दोन्ही हातांनी लढणारं. मी हट्टाने दोन्ही तलवारींना जादूची आग मागून घेतली. म्हणजे दर वाराला एक जादा फासा, तोही दोनदा. "वापरी पाह्य," नाना म्हणाले. तीन रविवार मी राक्षस कापत सुटले. चौघींपैकी शबानाच्या एकुलत्या गदेची पाळी येईपर्यंत मारायला कोणी उरतच नसे. चौथ्या रविवारी तिचा निरोप आला, "तुम्हीच खेळा. बघायला घरी टीव्ही आहे." शाळेपासूनची माझी मैत्रीण ती. मला रडू फुटलं.

नानांनी माझ्या पात्राची हत्यारं नि ताकद लिहिलेला कागद पुढे सरकवला. "परत. दोन्ही हातमा लाडू धरशी, मंग पानी कोन पाजी तुले?"

मी आग निम्मी केली. परत. नुसत्या दुसऱ्या तलवारीला दिली. "मंग पहिली काय भाजी कापाले शे?" परत.

सातव्या कागदावर तलवारी जावा झाल्या, थोरली आणि धाकटी. थोरलीने घाव घालून खूण करायची. मग आग एकदाच पेटणार. ती धाकटीने घ्यावी, नाहीतर सोबतिणीच्या हत्याराला द्यावी. नाना दुपारभर एकटेच फासे टाकत बसले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "शबानाले बलाव."

ती आली, फुरंगटूनच. त्या दिवशीच्या राक्षसाने बाकीच्या दोघींना लोळवलं होतं. माझी थोरली लागली. धाकटी हातात होती, मोह झालाच. पण मी आग शबानाच्या गदेला दिली. तिने फासे टाकले आणि राक्षस आडवा झाला. शबाना खुर्चीवर चढून नाचली. नानांनी माझ्या कागदावर लाल पेनने 'पास' लिहिलं. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

आता नाना जळगावला मुलीकडे असतात आणि सूत्रधार मी आहे. परवा एका नव्या मुलीने दोन्ही हातांत विजेच्या कट्यारी मागितल्या. मी तोंड उघडण्याआधीच शबाना म्हणाली, "परत."

मी नानांना फोन करून हे सांगितलं. ते म्हणाले, "वा."