झोपून पाहिलेली घरं

चैत्र लागला की जळगावात घर सकाळी दाखवायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. दहाच्या आत. तेव्हा भिंती गार असतात, थोडा वारा असतो, गिऱ्हाईक खिडकीत उभं राहून म्हणतं, वा, काय हवा आहे! त्याच खिडकीत दुपारी तीनला हात ठेवला तर चटका बसेल, पण तीनला घर दाखवतो कोण? वीस-बावीस वर्षं मी हेच करतोय. पाटीवर ‘प्रॉपर्टी कन्सल्टंट’ लिहिलंय, गल्लीत सगळे दलालच म्हणतात, आणि मला त्याचा राग येत नाही. राग यायचा तो ऑनलाईन गिऱ्हाइकांचा. समुद्रापलीकडे बसून ही मंडळी म्हणणार, कॅमेरा जरा वर घ्या, आता नळ सोडून दाखवा, आता खिडकीबाहेर बघू द्या. मी घामाघूम होऊन घरभर फिरणार, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा फोनच लागणार नाही.

तीही तशीच असणार, असं मी धरून चाललो होतो. आखातातल्या कुठल्याशा हॉस्पिटलात ती नर्स होती. मूळची भडगावजवळच्या खेड्यातली. आई नव्हती, भाऊ नव्हता. वडील, ज्यांना ती आबा म्हणायची, खेड्यात पत्र्याच्या घरात एकटे राहायचे. गेल्या वैशाखात त्यांना ऊन लागलं. शेजाऱ्यांनी भाजीच्या टेम्पोत घालून दवाखान्यात आणलं म्हणून वाचले. डॉक्टरांनी बजावलं, आता आणखी एक उन्हाळा या पत्र्याखाली काढू नका. बाईला सुट्टी थेट दिवाळीला मिळणार होती आणि उन्हाळा काही दिवाळीपर्यंत थांबणार नव्हता. मधल्या काळात तिनं इंटरनेटवर धुळ्यातलं एक घर जवळजवळ पक्कं केलं होतं. फोटोत गॅलरी होती, गॅलरीत तुळस होती. मावसभावाला बघायला पाठवलं तर त्या पत्त्यावर नुसत्या बाभळी.

हे सगळं तिनं पहिल्याच फोनवर सांगितलं, अगदी ऑफिसातल्या मराठीत. शेवटी म्हणाली, “सर, मला घर दुपारी तीन वाजता दाखवा.”

“मॅडम, तीनला इथं कावळासुद्धा बाहेर पडत नाही.”

“म्हणूनच,” ती म्हणाली.

मी मनात चार शब्द हासडले आणि तोंडानं हो म्हटलं. शहराच्या कडेला एका कॉलनीत एक रो हाऊस रिकामं होतं. डोक्यावर टोपी, टोपीवर ओला रुमाल, अशा थाटात मी ते उघडलं आणि फोन सुरू केला. तिची रात्रपाळी असायची, त्यामुळे ती दुपारी मोकळी होती. तिनं मला पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवायला सांगितला. ठेवला. कोमट होती, एवढंच. मग म्हणाली, “आता फोन खिडकीत ठेवा आणि पाचपर्यंत तिथंच बसा. बोलायची गरज नाही.”

बसलो. घरात वीज जोडलेली नव्हती, म्हणून पंखाही नव्हता. बाहेर ऊन इतकं की रस्ता पांढरा दिसत होता आणि त्यावरून काहीही हलत नव्हतं. पश्चिमेला, शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये एक थोरला कडुनिंब होता. त्याची सावली खिडकीतून आत आली, फरशीवरून हळूहळू सरकत माझ्या पायांपर्यंत पोचली. झाडाला मोहर होता. तो कडवट-गोड वास घरभर भरून राहिला होता आणि आपण कोणाच्या घरात, कशासाठी बसलो आहोत, हे माझं मलाच आठवेना. जरा पाठ टेकावी म्हणून आडवा झालो.

स्वप्नात मी हेच घर दाखवत होतो. फरशीवर घोटाभर पाणी होतं, गार. एका खोलीतून दुसरी निघत होती, दुसरीतून तिसरी, आणि कोणीतरी म्हणत होतं, पुढं दाखवा. मी पुढं दाखवत होतो. पाय न उचलता चालत होतो, आणि खोल्या संपाव्यात असं मला मुळीच वाटत नव्हतं.

जाग आली तेव्हा पाच वाजून गेले होते. फोन खिडकीत तसाच होता. पडद्यावर ती भाजी निवडत बसली होती. लाज अशी वाटली की फरशी दुभंगावी.

“तुमले झोप लागनी, भाऊ,” ती म्हणाली. सर गेलं होतं, मॅडमपणा गेला होता, घरची अहिराणी आली होती. “दीड तास घोरी ऱ्हायनात तुम्ही!”

“माफ करा, चुकलं.”

“चुकलं काय? जागा माणूस खोटं बोली शकस. झोपेल माणूस नही.” मग हसून म्हणाली, “हेच घर घेऊ. तीन दिवसांत कागद करा. आबांना आखाजीच्या आत आणायचंय.” आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, जेमतेम दहा दिवसांवर आली होती.

मी तरंगतच बाहेर आलो. फाटकाला कुलूप लावताना शेजारच्या प्लॉटवर एक शेठ दिसले. कापडाचे व्यापारी, तोंडओळखीचे. माणसाकडून जमिनीवर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारून घेत होते. मी सहज विचारलं. ते म्हणाले, “आखाजी झाली की पाया खोदतो. परवानगी आली. झाड नेमकं मधोमध येतंय, काढावं लागेल.” वर पुन्हा म्हणाले, “तुमच्या घराला शेजार होईल, चांगलंच आहे की!”

आमच्या धंद्यातला दुसरा धडा असा, की न विचारलेलं सांगायचं नाही. झाड काही माझ्या घराच्या हद्दीत नव्हतं. ते कोणी विकलं नव्हतं, कोणी विकत घेतलं नव्हतं. तिनं भिंत विचारली, मी भिंत दाखवली. पुढच्या वैशाखात झाड नसेल, पश्चिमेची भिंत दुपारभर उघडी पडेल आणि आबा त्या भिंतीशी खाट टाकून पडलेले असतील, हे तिनं विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी कूलरसमोर पडलो, तरी डोळ्याला डोळा लागेना. मला त्या बाईचा भयंकर राग आला. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला असता, तर निभावून नेलं असतं. बोलण्यात थोडं इकडंतिकडं होतंच, ते सगळ्यांना माहीत असतं. हिनं माझ्या झोपेवर विश्वास ठेवला होता.

चार वाजता उठलो, त्या कॉलनीत गेलो आणि तिला फोन लावला. घर दाखवलंच नाही. झाड दाखवलं, खालच्या पांढऱ्या रेघा दाखवल्या, शेठ काय म्हणाले ते सांगितलं.

तिनं विचारलं, “हाई तुमले कधी समजनं?”

“काल. झोपून उठल्यावर.”

फोन बंद झाला.

पुढचे आठ दिवस तिचा पत्ता नव्हता. मी स्वतःला चांगलंच कोसलं. खरेपणा मिरवायला कोणी सांगितलं होतं? घर गेलं ते गेलं, आबांचं काय होणार, हे मात्र मी विचारूही शकत नव्हतो. ऊन रोज चढत होतं. दुपारी रस्त्यानं जाताना कुठंही पत्र्याचं छप्पर दिसलं की नजर तिकडं जायची.

आखाजीच्या सकाळी गल्लीतल्या झाडाला झोके बांधले होते. माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. मी ओट्यावर बसून ऐकत होतो, आणि फोन वाजला.

“भाऊ, आज आखाजी शे,” ती म्हणाली. तिच्या आवाजामागे कसलंसं यंत्र टिकटिकत होतं. “मी या आठ दिवसांत सात दलालांशी बोलले. सातही जणांची घरं एक नंबर. ऊन नही, धूळ नही, पाण्याची तक्रार नही. बठ्ठी घरं एक नंबर शेतस! खोट नसलेलं घर असतं का हो?”

“नसतं.”

“मग तुम्हीच शोधा. आधी तुम्ही झोपून बघा, मग मला सांगा.”

असे माझे ते विचित्र दिवस सुरू झाले. भर दुपारी मी गावातली रिकामी घरं उघडायचो, फोन खिडकीत ठेवायचो आणि आडवा व्हायचो. एका घरात तिसऱ्या मजल्यावर पापडासारखा भाजून निघालो, वीस मिनिटांत पळालो. एका घरामागे मंगल कार्यालय होतं आणि लग्नसराई ऐन भरात होती. त्या दुपारचं स्वप्नसुद्धा बँडच्या तालावर पडलं. हळूहळू झोप आणि जाग यांतला फरक पुसट झाला. चहाच्या टपरीवर उभा असतानाही वाटायचं, आपण कोणत्या तरी गार फरशीवर पडलोय आणि दूर कोणीतरी भाजी निवडतंय.

शेवटी जुन्या वस्तीत एका निवृत्त रेल्वेवाल्यानं बांधलेलं घर सापडलं. तळमजला, भिंती दीड हात जाड, वर दुसरं कुटुंब, त्यामुळे स्लॅब तापत नव्हता. दोन्ही बाजूंना घरं चिकटून, म्हणून ऊन शिरायला वाटच नव्हती. मी तिथं साडेचारपर्यंत झोपलो. उठल्या उठल्या सांगून टाकलं, स्वयंपाकघरात दिवसाही दिवा लागतो, नळाला पाणी बारीक येतं, आणि वरची पोरं फार नाचतात.

“अंधार असू द्या,” ती म्हणाली. “आबांना घेऊन या.”

मी पहाटेच निघालो आणि उन्हाच्या आत आबांना गाडीनं आणलं. किरकोळ अंगाचे, पांढरं धोतर, काखेत स्वतःची गोधडी. त्यांनी भिंती पाहिल्या नाहीत, कागदाचं विचारलं नाही. “माठ कोठे ठेवू?” एवढंच विचारलं. दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी खोलीच्या मध्यावर गोधडी अंथरली. मी फोन खिडकीत ठेवला. ती पलीकडे होती, ड्युटीवरून येऊन कपडेही न बदलता बसलेली.

आबा बराच वेळ छताकडे बघत पडले होते. मग म्हणाले, “आठे पत्रा वाजत नही.” तापलेला पत्रा दुपारभर तडतडतो, ते ऐकत त्यांनी आयुष्य काढलं होतं. वरच्या पोरांच्या पावलांचा आवाज येत होता. आबांचे डोळे कधी मिटले, मला कळलंच नाही.

“भाऊ, फोन जरा जवळ न्या,” ती हळूच म्हणाली. मी नेला. ती त्यांची छाती वर-खाली होताना बघत राहिली, नर्स बघते तशी, आणि मग नर्स बघणार नाही तशी. मी दुसरीकडे तोंड फिरवलं.

“आबा झोपी गयात ना?”

“हो.”

“मग आता फोन बंद करा. तुम्ही शेतस ना तठे.”

मी फोन बंद केला. आबा पाच वाजेपर्यंत उठले नाहीत, आणि मीही तिथून हललो नाही.