आत्याचा जबडा आणि बाजारातली जागा

आत्या आज सकाळी गेली. स्वतःच्या जबड्यानिशी गेली, हे आधी लिहिते.

कारण फॅमिली ग्रुपवर सकाळपासून एकच चाललंय, "दादांनी मुंबईला नेलं म्हणून ती एवढी जगली."

दादा म्हणजे माझे वडील, तिचा सख्खा भाऊ. आता तेही नाहीत. तरी खोटं ते खोटंच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही दातिवऱ्याचे. आत्या विधवा, पालघरच्या बाजारात मासळी विकायची. तिच्या खालच्या जबड्यात ट्यूमर झाला. कॅन्सर नव्हे, साधाच. पण दोनदा खरवडून काढला आणि दोनदा परत आला.

तिसऱ्या वेळी दादांनी मुंबईच्या हॉस्पिटलात नेलं. तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, अर्धा जबडाच काढू, कटकट संपेल.

दादांनी सही केली. आत्या समोर बसलेली, पूर्ण शुद्धीत. तिला कोणी विचारलंसुद्धा नाही.

"जबरा माजा हाय ना? मंग सही याची कशी?"
एवढं बोलून ती कॉटवरून उतरली.

तिथल्याच एका ज्युनिअर लेडी डॉक्टरांनी तिला थांबवलं. म्हणाल्या, "हाडाची खालची कड चांगली आहे. ती ठेवून बाकीचं काढू. चावता येईल, बोलता येईल. पण गाठ परत येऊ शकते. दर वर्षी एक्स-रे काढायला यायचं, आयुष्यभर."

"माला भाव सांगता येल?"
"येईल."
"मंग येन मी."

गेली ती. दर पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर ओढल्या की जायची. एकदा गाठ परत आलीच, हरभऱ्याएवढी. वेळेत सापडली, काढली. जबडा राहिला.

आता ग्रुपवर कोणी लिहिणार नाही ते.

ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी आत्या मासळीची पाटी घेऊन बाजारात गेली, तर तिच्या जागेवर माझी आई बसलेली. दादांनीच बसवलेली. ही आता कुठली बोलतेय, असं धरूनच चालले होते सगळे.

आई उठली नाही. "पोरांची शाला हाय," म्हणाली.

आत्या भांडली नाही. बाहेर गटाराशेजारी पाटी मांडली आणि पुढची वीस वर्षं तिथून ओरडून मासळी विकली. आवाज आत आमच्यापर्यंत यायचा. आई मान खाली घालून मांदेली निवडत राहायची.

दादांचा राग येतो. आईचा येतो.
माझा जास्त येतो.

शाळा सुटली की मी त्याच जागेवर आईशेजारी बसून डबा खायचे. माझा जबडा तर धड होता. एकदाही म्हणाले नाही, आई, ऊठ.

जा आत्या. जागा तुझीच होती.