काळं रक्त काढू नका

नंदुरबारच्या डॉक्टर मॅडमनी मला उभं राहायला सांगितलं, डाव्या पोटरीवर थंड मलम लावलं, त्यावरून मशीन फिरवलं आणि म्हणाल्या, "व्हेरिकोज व्हेन्स." मग घोट्याजवळच्या जखमेकडे बोट करून विचारलं, "इथं कोणी कापलं?"

मी म्हणालो, वस्तरा निसटला. साफ खोटं होतं.

मी शहाद्यात सलून चालवतो. पिढीजात न्हावी. तेवीस वर्षं दिवसाला दहा-दहा तास उभा आहे. आजार असा हळूहळू येतो की तो आला हे कळतच नाही. आधी संध्याकाळी पाय जड व्हायचे. मग पोटरीवर निळ्या शिरा गाठी मारल्यासारख्या वर आल्या. मग घोट्यापाशी खाज सुटली आणि कातडी काळी पडली. मेडिकलवाल्यानं खरजेचं मलम दिलं. दोन वर्षं तेच चोळत बसलो. त्यानं एकदाही पायाकडे पाहिलं नाही, आणि मीही त्याला दाखवला नाही. आज या गोष्टीची चीड येते.

मॅडमनी समजावलं ते सोपं आहे. पायाच्या शिरांनी रक्त वर हृदयाकडे न्यायचं असतं. ते परत खाली येऊ नये म्हणून आत झडपा असतात. झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचतं, शिरा फुगतात, कातडी खराब होते. त्या म्हणाल्या, "रक्त खराब नसतं. फक्त रस्ता बिघडलेला असतो."

हे वाक्य चार महिने आधी ऐकलं असतं तर!

आमच्या घराण्यात पूर्वी हजामतीबरोबर गळवं फोडायची, खराब रक्त काढायचं कामही चालायचं. काकाला त्याचा फार अभिमान. माझी पोटरी पाहून तो म्हणाला, "काळं रगत साचेल शे. काढी टाकू, पाय हलका व्हई जाई." आणि मी, लोकांच्या दाढीला प्रत्येक वेळी नवं ब्लेड घालणारा शहाणा माणूस, पाय पुढे करून बसलो.

घोट्याजवळच्या फुगलेल्या शिरेला ब्लेड टेकवताच पिचकारी उडाली. काकानं गुडघ्याखाली पंचा आवळला आणि मला खुर्चीतच बसवून ठेवलं. रक्त थांबेना. शेवटी चक्कर येऊन मी फरशीवर आडवा झालो, तेव्हा कुठे ते कमी झालं. मॅडम नंतर चिडून म्हणाल्या, "पंचा आवळून रक्ताची वर जायची वाटच बंद केलीत. अशी शीर फुटली तर लगेच झोपायचं, पाय छातीपेक्षा उंच करायचा, जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं आणि दवाखाना गाठायचा."

ती जखम चार महिने भरली नाही. काका हळद भरत राहिला. वासानं गिऱ्हाईक नाक मुरडायला लागलं. मॅडम म्हणाल्या, शीर बंद केल्याशिवाय ही भरणार नाही, आणि आत जंतू पसरले तर पायाचं काही सांगता येत नाही. त्या दिवशी मी त्यांना खरं सांगून टाकलं. दुकान माझ्या दोन पायांवर उभं होतं आणि त्यातला एक मी स्वतःच कापून घेतला होता.

नंदुरबारलाच लेझर केलं. बिघडलेल्या शिरेत बारीक तार घालून तिला आतून उष्णता देतात, ती बंद होते, रक्त चांगल्या शिरांतून जातं. त्याच दिवशी मी चालत घरी आलो. मग घट्ट मोजे, सकाळी खाटेवरून उतरण्याआधी चढवायचे. पण तेही तपासल्याशिवाय विकत घेऊन घालू नका, प्रत्येक पायाला ते चालत नाहीत. एकच पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दोन महिन्यांत जखम भरली. काकाशी मी बोलत नव्हतो. एका दुपारी दुकान रिकामं बघून तो आला आणि त्यानं धोतर वर केलं. घोट्याला फडकं गुंडाळलेलं. आत माझ्यासारखीच जखम, माझ्यापेक्षा मोठी.

"कव्हयनं शे हाई?" मी विचारलं.

"सहा वरीस व्हई ग्यात. मीच काढं व्हतं रगत."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, हे माहीत असून माझ्या पायाला ब्लेड लावलंस?

तो खाली बघत म्हणाला, "मन्हाच हात चुकना आसं वाटनं. तुन्हा पायवर नीट जमी, आसं वाटनं."

सोमवारी दुकान बंद असतं. त्याला मोटारसायकलवर मागे बसवून नंदुरबारला नेलं. दवाखान्यात गर्दी होती, नंबर यायला वेळ होता. त्याला बाकावर आडवं केलं, मी टोकाला बसलो आणि त्याची टाच माझ्या खांद्यावर घेतली. लोक बघत होते. राग तसूभर कमी झाला नव्हता, पण नंबर येईपर्यंत मी तो पाय खाली येऊ दिला नाही.