जीप शर्यतीले गेली

"मंग हात करून राह्यलेल्या मानसाले मी पाहू नाई का, सर? का डोये बांधून चालवू?"

"पाहा ना, प्रफुल्लभाऊ. फक्त थांबू नका."

स्वानंद सर एवढं बोलून चहा फुंकायला लागले. पांढरकवड्याच्या स्टँडवर सकाळी हेच चालायचं. सर आणि त्यांच्या शाळेचे चार मास्तर रोज प्रफुल्लच्या जीपनं झरीकडं जायचे. आजवर मास्तर उशिरा पोचले तरी देशाचं काही अडलं नव्हतं. पण आता मोबाईलसमोर तोंड धरून हजेरी लावायची होती, आणि मोबाईलला थापा पचत नाहीत. इकडं प्रफुल्लची जीप दर फाट्यावर थांबे. कोनी हात केला का याचा पाय ब्रेकवर. स्टँडवरच्या अमरनं नवी गाडी घेतली होती, अन् तो कोनासाठीच थांबत नव्हता.

पाच मास्तर अमरकडं गेले म्हणजे सकाळची फेरीच गेली. स्टँडवर बाकी दुनिया दहाच्या आत येत नाही.

"रविवारी हायवेच्या ले-आऊटात गाड्यांची शर्यत आहे," सर म्हणाले. "नवशिक्यांसाठी. आपलीच रोजची गाडी न्यायची. अमरनं नाव दिलं. तुम्हीही द्या. त्याच्या पुढं आलात तर सोमवारपासून आम्ही पाचही तुमचे."

"देतो," प्रफुल्ल म्हणाला. "थ्या ले-आऊटात कोन बसते हात करून."

खरंच कोनी नव्हतं. प्लॉट पाडून दहा वर्षं झाली, घर एक उभं राहिलं नाही. शर्यत भरवणाऱ्या नागपूरच्या क्लबनं मात्र एका सकाळीत प्लास्टिकचे लाल कोन उभे केले. कोनांमधून वळणं घेत जायचं, कोन पडला का वेळेत दंडाचे सेकंद वाढणार. सोपं काम. झरीच्या रस्त्यावर खड्डे चुकवणाऱ्याला हे म्हणजे अंगणातलं खेळणं.

गाडी तपासायला क्लबची अर्पिता नावाची पोरगी आली. आत काहीच सुटं नको, म्हणाली. प्रफुल्लनं काढायला सुरुवात केली. ताडपत्री, दोर, कोणाची तरी छत्री, तुरीनं भरलेलं चुंगडं, एका पायातली चप्पल, कुकरचं झाकण.

"हे सगळं तुमचं?"

"माहं कायचं? झाकन किसनरावचं हाय. माथार्जुन गावाले पोचवाच हाय."

तिनं त्याच्या डोक्यावर हेल्मेट बसवलं आणि शिकवायला म्हणून बाजूला बसली. प्रफुल्ल सवयीनं अर्धा दाराबाहेर बसला. समोर चार जण कोंबणाऱ्या ड्रायव्हरला अख्खी सीट कधी भेटते?

"काका, सरळ बसा ना. जागा आहे."

तो सरळ बसला, अन् स्टेअरिंग भलत्याच जागी आल्यासारखं वाटलं.

अमरची फेरी आधीच झाली होती. गाडी जोरात पळवली, पण कोन असे लोळवले जशी वादळात तूर. दंड जोडला तर त्याची वेळ फार काही शानदार नव्हती. कडेला उभे मास्तर आता प्रफुल्लकडं मान ताणून पाहत होते.

झेंडी पडली. पहिलं वळण, दुसरं वळण, जीप लोण्यातून गेल्यासारखी गेली. अर्पिता म्हणाली, "मस्त, पाय उचलू नका." शेवटच्या वळणावर मागचं चाक एका कोनाला घासलं, कोन आडवा झाला. तिथं उभ्या पोरानं, नयन त्याचं नाव, दंड मोजणाऱ्यांना दिसावं म्हणून हात वर केला.

जीप जागेवर थांबली. अर्पिता पट्ट्यात करकचली. प्रफुल्लनं खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं.

"कुठं जाच हाय, भाऊ?"

नयन बिचारा इकडं तिकडं पाहायला लागला. "कुठंच नाही."

"मंग हात कायले केला? बसाचं असन तं मांगं बस, जागा हाय."

लोकं पोट धरून हसले. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा प्रफुल्ल सगळ्यांच्या मागं होता. एका मॅडमची गाडी दोनदा बंद पडली होती, त्यांच्याही मागं. शर्यत नवशिक्यांची असल्यामुळं मेडल सगळ्यांनाच भेटलं, नयन तेवढा बिनमेडलचा राहिला.

सोमवारी पाचही मास्तर अमरच्या गाडीत जाऊन बसले. स्वानंद सर मात्र सभ्य माणूस, काच खाली करून बोलले.

"राग नाही ना, प्रफुल्लभाऊ?"

"राग कायचा, सर? तुमी टायमावर शाळेत गेले तं पोट्टे भेतीन, थेवढंच वाईट वाटते."

अमरनं हॉर्न दिला आणि धूळ ठेवून गेला. प्रफुल्ल दारावर चिकटलेला शर्यतीचा नंबर नखानं खरडत बसला. कागद निघाला, गोंद निघेना.

तेवढ्यात विमलताई वांग्याचं टोपलं घेऊन आल्या. "निघतं का रे?"

"तुमच्या एकटीवर जीप निघते का, ताई? बसा, आनखी नऊ जन येऊ द्या."

त्यानं टोपलं टपावर चढवलं, दोर आवळला आणि स्टँडच्या तोंडाशी जाऊन ओरडायला लागला, "झरी, झरी, झरी, मुकुटबन."