मिस ओडेसांचा कान

मिस ओडेसा पेटिग्रू दिवसा पोस्टात टपाल लावायच्या आणि उरलेल्या वेळात बायकांची पुस्तकं काढायच्या. काळ्या बायकांचीच. दुसऱ्या कुणाची काढा की, असं कुणी म्हटलं तर म्हणायच्या, "त्यांची काढायला अख्खं न्यूयॉर्क बसलंय, मी कशाला मध्ये तडमडू?"

क्लीव्हलंडच्या ईस्ट साइडला, केसांच्या पार्लरमागच्या खोलीत आमचं प्रकाशन होतं. नाव 'मागची पायरी', कारण दार मागच्या पायऱ्यांवर उघडायचं आणि नावावर डोकं खाजवत बसायला कुणालाच वेळ नव्हता. भिंतीपलीकडे दिवसभर केस सरळ करायचे कंगवे तापत असायचे. आमच्या पहिल्या तीन पुस्तकांना अजून तो वास येतो. खोटं वाटत असेल तर हुंगून बघा.

मिस ओडेसांचं संपादन म्हणजे काय, तर लेखिकेनं मोठ्यानं वाचायचं आणि यांनी तोंडात पेपरमिंटची गोळी धरून, डोळे मिटून ऐकायचं. लोकांना वाटायचं बाई झोपल्या. कसल्या झोपतायत! वाचणारीची जीभ जरा अडखळली की यांची पेन्सिल कागदावर. बाकी एका अक्षराला हात लावायच्या नाहीत.

मी क्लॉडेट, त्यांची टाइपसेटर, म्हणजे छापण्यासाठी अक्षरं लावणारी. सेक्रेटरीचा कोर्स केलेली, व्याकरणात पहिली आलेली, आणि ते सगळ्यांना सांगत फिरणारी. आता लाज वाटते, पण तेव्हा माझं नाक चांगलंच वर होतं.

चौऱ्याऐंशी सालचा डिसेंबर. मिस व्हर्नेल गॅड्सन यांचं पुस्तक लावायला माझ्याकडे आलं. मिस व्हर्नेल शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं राबलेल्या. अर्धी ईस्ट साइड त्यांच्या हातचं जेवून वाढली, त्यात मीही आले. पुस्तक त्यांच्या धाकट्या बहिणीवर, लुलावर होतं. लुलाला जन्मापासून रक्ताचा आजार, हाडांत कळा यायच्या, आणि तिशीतच ती गेली. मिस व्हर्नेलनी सगळं एका वहीत हातानं लिहिलं होतं, एकच प्रत, सुतळीनं बांधलेली.

आता आमच्या काळ्या लोकांच्या बोलीत 'आहे' वेगळं आणि 'असते' वेगळं. शाळेतल्या इंग्रजीत हा फरकच नाही. तिथं सगळं नुसतं 'आहे'. 'असते' म्हटलं की बोटांवर पट्टी. त्या पट्टीनं मला इतकं शहाणं केलं होतं, की मिस व्हर्नेलचं प्रत्येक 'असते' मी खोडून 'आहे' करून टाकलं. त्यांच्यावर उपकारच करतेय, असं वाटत होतं मला! पोस्टात नाताळच्या टपालाचा नुसता डोंगर, मिस ओडेसांना श्वास घ्यायला सवड नाही, म्हणून त्यांना न दाखवताच मी छापायच्या आधीची पानं थेट मिस व्हर्नेलकडे पाठवून दिली.

शुक्रवारी त्या आल्या. कोटसुद्धा काढला नाही.

"हे कुणी लावलं?"

"मी," मी हसून म्हटलं. शाबासकी मिळणार अशी खात्रीच होती.

"वाच."

मी वाचलं, "'लुला आजारी आहे. पण रविवारी ती गाते आहे.'"

"आणि मी काय लिहिलं होतं?"

"तुम्ही 'आजारी असते, गात असते' लिहिलं होतं. मी नीट केलं. एकशे बारा ठिकाणी होतं."

"नीट केलंस! अगं बाई, 'आजारी आहे' म्हणजे आज आजारी आहे, औषध द्या, उद्या उठेल. माझी बहीण आजारी असायची. रोज. आणि तरी दर रविवारी गायची. तू तिला एकदाच आजारी पाडलंस आणि एकदाच गायला लावलंस. माझी अख्खी लुला खाल्लीस तू!"

त्यांनी टेबलावरची आपली वही उचलली, काखेत मारली.

"एका मोठ्या प्रकाशनानंही पाच वर्षांपूर्वी हेच केलं होतं. त्यांचं मला काही वाटलं नाही. त्यांनी कुठं पाहिली होती लुलाला? पण तू आमच्यातली गं! आता हे पेटीत जाईल. कुणाला दाखवायचं नाही आता."

संध्याकाळी मिस ओडेसा आल्या. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बूट काढले, सुजलेले पाय चोळले आणि विचारलं, "शाळेत कुणी मारलं होतं तुला?"

"मिसेस ट्रॉटर. पट्टीनं."

"मला मिस्टर बीमन. पट्ट्यानं." त्यांनी दुसरा पाय चोळायला घेतला. मग म्हणाल्या, "रविवारी चर्च सुटलं की जाऊ आपण."

"माफी मागायला?"

"माफीचं लोणचं घालायचंय का तिला? वाचायला."

रविवारी मिस व्हर्नेलनी दार उघडलं ते केवळ रविवार होता म्हणून. चर्चमधून आलेल्या बायकांना बर्फात उभं ठेवलं तर गल्लीत बभ्रा झाला असता. आमच्यात नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी शिजलीच पाहिजे, ती त्या स्वयंपाकघरात निवडत होत्या. वही फ्रिजवर होती. अजून पेटीत गेली नव्हती, हे बघून माझ्या जिवात जरा जीव आला.

"व्हर्नेल," मिस ओडेसा म्हणाल्या, "पुस्तक तुझं आहे, ठेव. पण या पोरीनं ते वाचलेलंच नाही. नुसतं लावलंय. एकदा मोठ्यानं वाचू दे तिला."

"वाचू दे की. माझी चवळी काही थांबत नाही."

मी वही उघडली. काय सांगू, 'असते' म्हणायला जीभ वळेना! सत्तावीस वर्षांची घोडी मी, आणि बोटं आपोआप मुठीत गेली. पहिल्या पानावर तीनदा चुकले. मिस व्हर्नेल चवळीतले खडे ताटलीत टाकत होत्या, टक्, टक्, वर बघतसुद्धा नव्हत्या. मिस ओडेसांचे डोळे मिटलेले. दुसरं पान, तिसरं पान. हळूहळू जीभ सुटली. मग मला वाचतेय हे कळेनासंच झालं. लुला उशीशी बोलत असते. लुला भावाला हसवत असते. लुला जिन्याच्या चौथ्या पायरीवर दम खात असते. आणि पुढं मी वाचलं, "'माझी आई दमलेली असते. घरी आली की बूट न काढता ती खुर्चीत बसलेली असते.'"

टक् आवाज थांबला.

"तिथं तसं नाही," मिस व्हर्नेल म्हणाल्या.

नव्हतंच. तिथं होतं, 'लुला दमलेली असते.' खुर्ची आणि बूट तर कुठंच नव्हते.

माझी आई शेकर हाइट्सला श्रीमंत गोऱ्या लोकांची घरं पुसायची. मी बारा वर्षांची असताना तिची भाषा सुधारायला घेतली. ती बोलली की मी मध्येच तोडायचे, "आई, असं नाही म्हणत." मग ती माझ्याशी कमीच बोलायला लागली. ती जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत तिचा आवाज मला आठवत नव्हता. आत्ता तो माझ्याच तोंडून आला. मला हुंदकाच फुटला. व्याकरणात पहिली आलेली मी, नाक पुसायला रुमालही सापडेना.

मिस व्हर्नेलनी भांडी पुसायचं फडकं माझ्याकडे फेकलं. "पुस आणि पुढं वाच."

शेवटचं पान वाचून झालं तेव्हा बाहेर दिवे लागले होते. मिस व्हर्नेलनी वहीला सुतळी बांधली, गाठ दोनदा मारली आणि ती माझ्या मांडीवर ठेवली. मिस ओडेसांच्या नाही, माझ्या.

"हिनंच लावायचं. एक जरी 'आहे' सापडलं, तर तुझ्या घरी येऊन बसेन, क्लॉडेट, आणि जाणार नाही."

परतताना बसमध्ये मिस ओडेसांनी नवी पेपरमिंट तोंडात टाकली आणि पेन्सिल माझ्यापुढं धरली.

"ते वाक्य लिहून ठेव."

"कुठलं?"

"तिथं नव्हतं ते."

कागद कुठला असायला! पुढची बस पकडायला देतात तो तिकिटाचा चिटोरा होता, त्याच्या मागं लिहायला लागले. एक वाक्य लिहिलं. मग दुसरं आलं. कडेकडेनं तिसरं बसवलं. बस बदलायच्या थांब्यावर नव्या ड्रायव्हरनं तो चिटोरा काढून घ्यायला हात पुढं केला, आणि माझी मूठ काही उघडेना.

"ताई, तिकीट," तो म्हणाला.

मिस ओडेसांनी माझ्या मुठीकडे पाहिलं. मग त्याला म्हणाल्या, "जा बाबा तू. आम्ही चालत जातो."

बर्फ घोट्यापर्यंत होता.